गुडघ्यात दुर्बीण घालण्याआधी

 बुधवारची दुपार आहे. भांडी आवरून झाली असतील. कुणी ज्वारी निवडत ऐकत असेल, कुणी बांधावर मोबाईल लावून. आज आपण गुडघ्याबद्दल बोलू, त्यातही एका तपासणीबद्दल. डॉक्टर तिला आर्थ्रोस्कोपी म्हणतात. आपण म्हणतो दुर्बीण. 'तिच्या गुडघ्यात दुर्बीण टाकली,' असं.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. बीए झालेली, अकरा गावांतल्या बचत गटांचं काम बघणारी सहयोगिनी आहे. तरी हा विषय घेतला, कारण गटांच्या कर्जमागणीची वही माझ्याकडं असते. त्या वहीत पूर्वी शेळी, शिलाई मशीन, बियाणं, मुलीची फी असं लिहिलेलं असायचं. या उन्हाळ्यात चार अर्जांवर कारण लिहिलं होतं 'गुडघ्याची दुर्बीण'. चारही बाया पन्नाशीच्या पुढच्या. रक्कम ४० हजाराच्या आसपास. आता ४५ हजार रुपये शेकडा दोननं उचलले, तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज ९०० रुपये होतं. म्हणजे भांगलणीची तीन दिवसांची हजेरी. एवढं करून गुडघा बरा होणार असेल तर गट खुशीनं देईल. पण होणार का, हे विचारायला नको?

म्हणून उपजिल्हा रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांकडं दोन दुपारी जाऊन बसले, फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंशी बोलले, त्यांनी दिलेलं वाचलं. आज सांगते ते डॉक्टरांनी एकदा नजरेखालून घातलेलं आहे.

आधी गुडघा आतून कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, आणि पुढं वाटी. दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो. ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा, गुळगुळीत. हाडावर हाड घासू नये म्हणून तो असतो. त्या दोन हाडांच्या मध्ये आतल्या आणि बाहेरच्या बाजूला चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. डोक्यावर घागर घेताना आपण चुंबळ ठेवतो ना, तसलंच काम या गाद्यांचं. भार एका जागी न टोचता पसरतो. त्याशिवाय हाडं जागेवर धरून ठेवणारे दोर असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. त्यातले दोन गुडघ्याच्या मधोमध एकमेकांवरून फुलीसारखे जातात. आणि या सगळ्याला आतून एक पातळ अस्तर असतं. सांध्याचं वंगण तेच तयार करतं.

आता 'गुडघा दुखतो' हे एकच वाक्य झालं, पण दुखणं यातल्या कशाचंही असू शकतं. कूर्चा झिजली असेल, गादी फाटली असेल, दोर तुटला असेल, अस्तराला सूज असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा. त्यामुळं आधी कळायला पाहिजे की बिघाड कुठं आहे.

चांगला डॉक्टर आधी विचारतो आणि हात लावून बघतो. कधीपासून दुखतं, पडलात का, मुरगळलं का, जिना चढताना दुखतं की उतरताना, रात्री झोपमोड होते का. मग गुडघा वाकवून, सरळ करून, पुढंमागं हलवून बघतो. इथं एक आपल्याकडची अडचण सांगते. साडी गुडघ्याच्या वर घ्यायला बाई लाजते आणि डॉक्टर साडीवरूनच चाचपतो. असं होऊ देऊ नका. सैल सलवार नेसून जा किंवा चादर मागून घ्या. सिस्टरला थांबायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. हातानं केलेल्या तपासणीतून निम्म्याहून जास्त गोष्ट कळते, असं आमचे डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर एक्स-रे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कूर्चा आणि गादी दिसत नाही. पण दोन हाडांमधली फट दिसते. फट कमी झाली असेल तर कूर्चा झिजलीय, असा अंदाज येतो. मात्र तो एक्स-रे उभं राहून काढायला पाहिजे. झोपून काढला तर अंगाचा भार गुडघ्यावर येत नाही, मग फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. तेव्हा काढणाऱ्याला विचारा, 'उभी राहू का?'

मग येतो एमआरआय. यात गादी, दोर, कूर्चा, अस्तर सगळं दिसतं. किरणांचा त्रास नसतो, लोहचुंबकावर चालणारं मशीन असतं. अर्धा-पाऊण तास बोगद्यासारख्या यंत्रात हलायचं नाही. ठकठक आवाज मोठा येतो, घाबरू नका. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पिना सगळं बाहेर काढून ठेवायचं. अंगात कुठं धातूची पट्टी किंवा स्क्रू असेल, हृदयाचं यंत्र असेल, तांबी असेल, तर आधी सांगायचं.

आणि शेवटी दुर्बीण. ही मात्र नुसती तपासणी नाही. भूल देऊन केलेलं छोटं ऑपरेशन आहे, हे नीट लक्षात घ्या. कारण 'दुर्बीण' म्हटलं की वाटतं, डोळ्याला लावून बघायची गोष्ट.

ते कसं करतात? आदल्या रात्रीनंतर उपाशी ठेवतात. बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, कधी पूर्ण भूल देतात. मांडीला पट्टा आवळतात म्हणजे रक्त कमी येतं आणि आतलं स्वच्छ दिसतं. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना सेंटिमीटरपेक्षा लहान अशी दोन छिद्रं पाडतात. एका छिद्रातून सुमारे चार मिलिमीटर जाडीची, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक नळी आत सरकवतात. तिच्या टोकाशी उजेड असतो आणि मागं कॅमेरा जोडलेला असतो. सांध्यात मिठाचं निर्जंतुक पाणी सोडत राहतात म्हणजे आतली जागा फुगते. मग समोरच्या टीव्हीवर गुडघ्याची आतली बाजू मोठी होऊन दिसते. दुसऱ्या छिद्रातून एक बारीक आकडा आत जातो. त्या आकड्यानं डॉक्टर गादी उचलून बघतात, कूर्चा दाबून बघतात, दोर ओढून बघतात. ही गोष्ट एमआरआयला जमत नाही. एमआरआय चित्र दाखवतो, दुर्बिणीत प्रत्यक्ष स्पर्श करून कळतं. आणि आत काही दुरुस्ती करायची असली तर त्याच छिद्रातून बारीक हत्यारं घालून लगेच करता येते. शेवटी एक-दोन टाके आणि पट्टी. साधं काम असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

ही युक्ती अगदी सुरुवातीला वापरून बघणाऱ्यांत जपानी डॉक्टर होते. केन्जी ताकागी नावाच्या डॉक्टरांनी टोकियोत १९१८ साली एका मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय तपासायची नळी घालून बघितलं. त्यांना काळजी होती गुडघ्याच्या टीबीची. त्या रोगात गुडघा कायमचा ताठ व्हायचा. जपानी माणसं जमिनीवर गुडघे मोडून बसतात, तशीच जेवतात, तशीच पाहुण्यांना भेटतात. ताठ गुडघा म्हणजे घरातून उठल्यासारखंच. आजार लवकर ओळखता यावा म्हणून त्यांनी आत डोकावायचा मार्ग शोधला. त्यांचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी नळी सुधारली आणि १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. मला हे वाचून गंमत वाटली. पाटावर बसणाऱ्यांना गुडघ्याची काळजी वाटली आणि त्यातून हे पुढं आलं.

एमआरआय नव्हता तेव्हा गुडघ्यात काय बिघडलं ते बघायला दुर्बीणच घालावी लागायची. आता एमआरआय आल्यापासून नुसतं 'आत काय आहे ते बघू' म्हणून दुर्बीण घालायची वेळ क्वचित येते. हे वाक्य आमच्या डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, म्हणून मीही तुम्हाला दोनदा सांगते. नुसतं बघायला दुर्बीण आता क्वचित लागते.

मग कुणाला लागते? माझ्या पाहण्यातली एक मुलगी सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंची लेक, १९ वर्षांची, तालुक्याच्या संघात कबड्डी खेळायची. चढाई करून परत फिरताना पाय रोवला आणि अंग वळलं. गुडघ्यात 'कट्' आवाज झाला आणि दोन तासांत गुडघा फुगला. घरच्यांनी हाडवैद्याकडं नेलं. आठ महिने चोळणं, लेप, पट्टी. सूज उतरली, पण पोरगी म्हणायची, 'आई, गुडघा निसटतो गं.' सपाट रस्त्यावर चालायची, वळताना पाय दगा द्यायचा. शेवटी एमआरआय केला. मधला पुढचा दोर तुटलेला, आणि निसटत राहिल्यानं गादीही फाटलेली. तिला दुर्बिणीतून नवा दोर बसवला, तिच्याच मांडीच्या मागची शीर घेऊन, आणि गादी शिवली. गटानं तिच्या आईला एका बैठकीत कर्ज मंजूर केलं, एकीनंही नाही म्हटलं नाही. पुन्हा मैदानात जायला निदान नऊ महिने लागतात, असं तिला सांगितलंय. रोज व्यायाम चालू आहे.

मुलींमध्ये हा दोर तुटायचं प्रमाण तोच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा जास्त असतं, हे लक्षात असू द्या. शाळेत खो-खो, कबड्डी खेळणारी लेक असेल आणि गुडघा मुरगळून लगेच फुगला असेल, तर चोळू नका. बर्फ लावा, पाय उंच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुर्बीण उपयोगी पडते अशी आणखी एक खूण आहे, गुडघा अडकणं. बसल्यावर कधीतरी आखडतो, ते नव्हे. सकाळी उठताना ताठ वाटतो आणि चार पावलं चालल्यावर सुटतो, ते पण नव्हे. अडकणं म्हणजे अर्धा वाकलेला गुडघा काही केल्या सरळच होत नाही, जणू दाराच्या फटीत खडा अडकलाय. गादीचा फाटलेला तुकडा मध्ये येतो किंवा कूर्चेचा तुकडा सुटून आत फिरतो, तेव्हा असं होतं. तो तुकडा काढला किंवा शिवला की गुडघा मोकळा होतो. बाकी कटकट आवाज येतो म्हणून घाबरायचं कारण नाही. आवाज येतो पण दुखत नाही, तर त्याला इलाज लागत नाही.

तिसरं म्हणजे ताकागींचा जुना शत्रू, टीबी. आपल्याकडं तो अजून आहे. एकच गुडघा महिनोन्महिने सुजलेला, मांडी बारीक होत चाललेली, संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय, तर तो झिजेचा गुडघा समजून इंजेक्शनं घेत बसू नका. गुडघ्यातलं पाणी किंवा अस्तराचा तुकडा तपासायला लागतो, आणि तो तुकडा कधी कधी दुर्बिणीतून घेतात. इथं दुर्बीण खरंच निदानासाठी असते. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत सुरू झाली तर गुडघा वाचतो. तसंच गुडघा अचानक लाल, गरम, खूप ताप, पाय हलवता येत नाही, असं झालं तर आत पू असू शकतो. त्या वेळी दुसरं मत घेत फिरायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. दुर्बिणीतून सांधा धुवून काढावा लागू शकतो.

आता आपल्या वहीतल्या त्या चार अर्जांकडं येऊ. त्यातल्या एक मावशी ५८ वर्षांच्या. तीन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. पडल्या नाहीत, मुरगळला नाही, गुडघा अडकत नाही. एका खासगी दवाखान्यात एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, गादीला चीर आहे आणि कूर्चा झिजलेली आहे. मावशींच्या मुलानं ऐकलं फक्त 'चीर आहे'. फाटलंय म्हणजे शिवायला पाहिजे, असंच कुणालाही वाटणार. गोधडी फाटली की आपण टाका घालतोच की.

इथं मी जे वाचलं ते सांगते. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले. दुखणारे, न दुखणारे, सगळ्यांचेच. २००८ मध्ये ते छापून आलं. ज्यांच्या गादीला चीर निघाली, त्यातल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिन्यात दुखलेलाच नव्हता! म्हणजे वयानुसार केस पिकतात, तशी गादीही चिरते. रिपोर्टमध्ये चीर आहे म्हणून दुखणं त्या चिरेचंच आहे, असं होत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरात झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, दुसऱ्याचा धुऊन आतलं खरवडून साफ केलं, आणि तिसऱ्या गटाला भूल देऊन कातडीवर नुसत्या चिरा दिल्या, आत काहीच केलं नाही. कुणाचं काय केलं हे रुग्णांना सांगितलं नाही. ते आधीच कबूल करून आले होते. दोन वर्षं विचारत राहिले. तिन्ही गटांचं दुखणं सारखंच राहिलं. हे २००२ साली छापून आलं. त्या रुग्णांत बहुतेक पुरुष होते, हे खरं. मग फिनलंड देशात ३५ ते ६५ वयाच्या १४६ बाया-पुरुषांवर, झीज नसलेल्या पण गादी चिरलेल्या, असंच करून बघितलं. २०१३ मध्ये त्याचाही निकाल तोच. वर्षभरानं खरं ऑपरेशन झालेले आणि ऑपरेशनचं नुसतं नाटक झालेले, यांच्यात फरक नाही. २०१७ मध्ये ब्रिटनच्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्या मंडळानं स्पष्ट लिहिलं की वयानं झिजलेल्या गुडघ्याला दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये.

माझा सगळ्या डॉक्टरांवर राग नाही, आणि दुर्बीण वाईट असंही मी म्हणत नाही. त्या कबड्डीवाल्या मुलीचं तर त्यावरच चाललंय. पण झिजलेली कूर्चा दुर्बिणीनं परत उगवत नाही. गुळगुळीत करून येते, एवढंच.

मावशींच्या अर्जावर बैठकीत चर्चा झाली, तेव्हा एकजण म्हणाली, 'माझ्या सासूबाईंची दुर्बीण झाली दोन वर्षांपूर्वी. चार महिने बरं होतं, मग पहिले पाढे पंचावन्न.' अर्ज नामंजूर केला नाही. बाईचा गुडघा, बाईचा निर्णय. गटानं डॉक्टर व्हायचं नाही, हे मी त्या बैठकीतही सांगितलं. फक्त पैसे द्यायच्या आधी एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून या, आणि सोबत गटातली एकजण जाईल, एवढं ठरलं. मावशींचा मुलगा थोडा रागावला. 'आमच्या घरातली गोष्ट आहे,' म्हणाला. त्याचंही चुकीचं नाही. पण कर्ज फेडणार होत्या मावशीच.

दुसऱ्या डॉक्टरांनी उभं करून एक्स-रे काढला, चालायला लावलं, वजन केलं. ते म्हणाले, झीज मधल्या पायरीवर आहे, दुर्बिणीचा उपयोग नाही, गुडघा बदलायची वेळही आलेली नाही. तीन महिने नेमानं व्यायाम, वजन थोडं कमी, लावायचं मलम, लागेल तेव्हाच गोळी. मावशींचा चेहरा उतरला. एवढ्या लांब येऊन व्यायाम सांगितला, असं त्यांना वाटलं. हे मी बऱ्याच बायांचं बघितलंय. औषध नाही, इंजेक्शन नाही, म्हणजे डॉक्टरनं काही केलंच नाही!

आज पाच महिने झाले. दुखणं गेलं का? नाही गेलं. पावसाळ्यात वाढतं, उकिडवं बसता येत नाही, भांगलायला जाणं बंद केलंय. पण सोमवारच्या बाजाराला पायी जाऊन येतात, रात्री झोप लागते, आणि ४५ हजाराचं कर्ज डोक्यावर नाही. संडासात बसायला प्लास्टिकची कमोड खुर्ची आणली, चूल ओट्यावर घेतली. बाकीच्या तिघींपैकी एकीनं ऑपरेशन करून घेतलं. तिचा गुडघा खरंच अडकत होता, आणि तिला फरकही पडलाय. दोघी अजून विचार करतायत.

व्यायाम काय, ते फिजिओथेरपीवाल्या ताई पुढच्या वेळी नीट सांगणार आहेत. मी फक्त दोन सांगते. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. दुसरा, खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि सावकाश बसा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. आणि वजन एक किलो कमी झालं, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. असं मोजून पाहिलेलं आहे.

आता तुम्हाला कुणी दुर्बीण सांगितली, तर काय विचारायचं? डॉक्टरांच्या केबिनमध्ये आपली वाचा बसते. मुलगा बोलतो, नवरा बोलतो, गुडघा आपला असतो आणि आपण छताकडं बघत असतो. म्हणून प्रश्न घरून चिठ्ठीवर लिहून न्या. माझं दुखणं नेमकं कशामुळं आहे, झीज किती आहे? दुर्बीण नुसती बघायला घालणार की आत काही करणार, आणि काय करणार? ते एमआरआयवरून कळत नाही का? नाही केली तर काय बिघडेल? तीन महिने व्यायाम करून बघितला तर चालेल का? किती दिवस काम बंद, एकूण खर्च किती, त्यात भूल आणि औषधं धरलीत का? यावर डॉक्टर चिडले, तर मला तरी तेही एक उत्तरच वाटतं.

एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म आणि रिपोर्ट मागून घ्या, घरी जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांना रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायचं बंधन २०२१ पासून आहे, त्यात हे लिहिलेलं असतं. आणि ऑपरेशन करायचंच ठरलं, तर सावकाराकडं किंवा गटाकडं जायच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. कोणता उपचार यादीत बसतो आणि कोणत्या दवाखान्यात होतो, हे योजनेच्या दवाखान्यातला आरोग्यमित्र सांगतो. फोनवर विचारायचं तर १५५३८८.

दुर्बीण झालीच, तर घरी आल्यावर काही खुणांवर लक्ष ठेवा. ताप, छिद्रातून पू किंवा जास्त पाणी, पोटरी सुजून दुखणं, दम लागणं. यातलं काही झालं तर टाके काढायच्या तारखेची वाट बघायची नाही. असं फार थोड्यांना होतं, पण पोटरीत रक्ताची गाठ झाली तर जिवावर बेतू शकतं. ऑपरेशनच्या आधी साखर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, जे काही चालू असेल ते सांगून ठेवायचं.

मागच्या आठवड्यात आलेल्या चिठ्ठ्यांतले दोन प्रश्न घेते. एक ताई विचारतात, गुडघ्यातलं पाणी काढलं तर वंगण संपतं का? नाही ताई. अस्तर वंगण करतच राहतं. पण पाणी कशामुळं झालं ते शोधलं नाही, तर परत होतं. काढलेलं पाणी टाकून न देता तपासायला पाठवलंय ना, एवढं विचारा.

दुसऱ्या ताईंचा प्रश्न आहे, दुर्बिणीनंतर शेतात कधी जाता येईल. गादीचा तुकडा नुसता काढला असेल, तर घरातली हलकी कामं एक-दोन आठवड्यांत, शेतातलं जड काम चार ते सहा आठवड्यांनी. गादी शिवली असेल किंवा दोर बसवला असेल, तर काही महिने. त्यामुळं ताई, ऊस लागणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

पुढच्या बुधवारी फिजिओथेरपीवाल्या ताई स्टुडिओत येणार आहेत. ऐकताना जवळ एक खुर्ची आणि टॉवेल घेऊन बसा, त्या सांगतील तसं करून बघता येईल.